एस्टेस पार्कचं स्टॅन्ली हॉटेल: इमारतीच्या इतिहासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेन्व्हर-बोल्डर भागात राहणाऱ्या मराठी घरांत उन्हाळ्यात पाहुण्यांची रीघ लागते. रॉकी माउंटन नॅशनल पार्कचा बेत ठरला, की ओघानं एस्टेस पार्क येतं आणि तिथलं टेकडीवरचं पांढरंशुभ्र हॉटेलही येतं. "हेच का ते भुताचं हॉटेल?" हा पहिला प्रश्न ठरलेला असतो. पण या वास्तूचा खरा इतिहास भुतांपेक्षा कितीतरी रंगतदार आहे आणि तो नीट सांगितला जात नाही, याची मला खंत आहे. म्हणून नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

हे हॉटेल नेमकं कुठे आहे आणि किती जुनं आहे?

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरच्या वायव्येला साधारण 110 किलोमीटरवर एस्टेस पार्क हे गाव आहे. गाडीनं दीड-दोन तास लागतात. गावाची उंची 7,522 फूट, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा सुमारे तीन हजार फूट जास्त. कायमची वस्ती जेमतेम सहा हजारांच्या आसपास; उन्हाळ्यात मात्र रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. हॉटेलचं उद्घाटन 4 जुलै 1909 रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी झालं. त्याआधी जूनमध्येच कोलोरॅडोतल्या औषधविक्रेत्यांचं अधिवेशन तिथे भरलं होतं आणि पहिले पाहुणे तेच.

हॉटेलच्या आधी तिथे काय होतं?

गवताळ खोरं, नदी आणि हरणं. यूट आणि अरापाहो या मूळनिवासी जमातींचे लोक पिढ्यानपिढ्या उन्हाळ्यात शिकारीसाठी इथे येत. जोएल एस्टेस नावाचा माणूस 1860 च्या सुमारास कुटुंबकबिला घेऊन इथे राहिला. कडक हिवाळ्यांना कंटाळून तो 1866 मध्ये निघूनही गेला, पण खोऱ्याला नाव त्याचंच चिकटलं.

त्यानंतर आले अर्ल ऑफ डनरेवन, हे आयर्लंडचे उमराव. 1872 मध्ये शिकारीला म्हणून आले आणि जागेच्या इतके प्रेमात पडले, की सगळं खोरं स्वतःची खासगी शिकारगाह करायचं त्यांनी ठरवलं. त्या काळच्या कायद्यानुसार सरकारी जमीन कसण्यासाठी सामान्य माणसाला ठरावीक तुकडा मिळे. डनरेवन यांच्या माणसांनी नावापुरते अर्जदार उभे केले, त्यांच्या नावावर तुकडे घेतले आणि मग ते एकत्र केले. बेनामी जमिनींचा हा प्रकार आपल्याकडच्या वाचकाला फोड करून सांगायची गरज नाही. स्थानिक रहिवासी खवळले, वाद झाले, आणि काही वर्षांतच साहेबांचा उत्साह मावळला. 1877 मध्ये त्यांनी बांधलेलं एक हॉटेल मात्र नंतर बरीच वर्षं चालू होतं. ते 1911 मध्ये जळून गेलं. आजच्या स्टॅन्ली हॉटेलशी त्या इमारतीचा काही संबंध नाही. पुष्कळ लोक दोन्हींची गल्लत करतात.

स्टॅन्ली कोण होते?

फ्रीलन ऑस्कर स्टॅन्ली, जन्म 1849, गाव किंगफील्ड, राज्य मेन. त्यांचा जुळा भाऊ फ्रान्सिस एडगर. दोघं हुबेहूब सारखे दिसायचे, दोघांनी सुरुवातीला मास्तरकी केली आणि दोघांचे हात यंत्रात रमणारे. फिल्म येण्याआधी ज्यांवर फोटो काढत, त्या कोरड्या काचा तयार करण्याचा त्यांचा कारखाना जोरात चालला आणि पुढे तो ईस्टमन कोडॅकनं विकत घेतला. त्या पैशाच्या जोरावर त्यांना गाड्या बनवण्याचा नाद परवडला.

त्यांची गाडी वाफेवर चालायची. 1899 च्या ऑगस्टमध्ये फ्रीलन आणि त्यांची पत्नी फ्लोरा न्यू हॅम्पशर राज्यातल्या माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यापर्यंत वाफेच्या गाडीनं गेले. तिथवर मोटार नेणारे ते पहिले. 1906 मध्ये स्टॅन्ली कंपनीच्या खास शर्यतीच्या गाडीनं फ्लोरिडाच्या वाळूत ताशी 127 मैलांहून जास्त वेग गाठला. त्या वर्षी जगात एवढ्या वेगानं दुसरी कोणतीही मोटार धावत नव्हती.

आणखी एक गोष्ट, जी मला फार आवडते: फ्रीलन हातानं व्हायोलिनं बनवायचे. हौस म्हणून दोन-चार बनवली असं नव्हे, ते काम ते अगदी कारागिरासारखं करत.

मग मेनचा कारखानदार कोलोरॅडोच्या डोंगरात कसा पोहोचला?

क्षयामुळे. 1903 मध्ये फ्रीलन 53-54 वर्षांचे होते आणि आजार बळावला होता. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागायला अजून चाळीस वर्षं होती. औषध नव्हतं, कोरडी हवा, ऊन, विश्रांती आणि चांगलं खाणं हाच इलाज. आपल्याकडे ज्याला हवापालट म्हणत, त्यासाठी जसे रोगी पुढे पाचगणीला आणि मिरजेला पाठवले जात, तसे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे रोगी डेन्व्हरला यायचे. डेन्व्हर त्या काळी क्षयरोग्यांनी भरलं होतं. 1899 मध्ये तिथे क्षयासाठी खास रुग्णालयही सुरू झालं होतं आणि ती संस्था श्वसनविकारांसाठी आजही नावाजलेली आहे.

डॉक्टरांनी त्यांना उन्हाळ्यासाठी आणखी वर, एस्टेस पार्कला जायला सांगितलं. फ्रीलन लायन्स गावाहून डोंगरातल्या कच्च्या बैलगाडीच्या रस्त्यानं स्वतःची वाफेची गाडी हाकत वर आले. फुप्फुसं पोखरलेला माणूस, खडकाळ चढ आणि तापलेलं बॉयलर! गावकऱ्यांना हा प्रकार अचंब्याचा वाटला असणार. त्या एका उन्हाळ्यात त्यांची तब्येत सुधारली. ते परत परत येत राहिले, 1904 मध्ये इथेच घर बांधलं, आणि थेट 1940 पर्यंत जगले. वारले तेव्हा वय 91 होतं.

या हॉटेलबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा. ज्या हवेनं आपल्याला वाचवलं तिथे एका माणसानं आपली उरलेली वर्षं आणि पैसा लावला. हॉटेल, रस्ता, वीज, गावाची बँक हे सगळं त्यातून निघालं.

म्हणजे हे क्षयरोग्यांचं आरोग्यधाम होतं का?

नाही. हा गैरसमज खूप पसरलेला आहे. हे पहिल्यापासून धडधाकट, पैसेवाल्या पाहुण्यांचं उन्हाळी हॉटेल होतं. फ्लोरा आणि फ्रीलन बॉस्टनकडच्या वर्तुळात वावरलेले होते. नाच, संगीत, बिलियर्ड्स, नीटनेटकं जेवण या गोष्टींची सवय असलेल्या मित्रांना डोंगरात बोलवायचं तर त्यांची सोय त्या तोडीची हवी, असा तो विचार होता.

जमीन कोणाकडून घेतली? हॉटेलला डनरेवन यांचं नाव का नाही?

जमीन डनरेवन यांच्याच मालमत्तेतली. स्टॅन्ली आणि ग्रीली गावचे सॅनबॉर्न यांनी मिळून तो व्यवहार केला आणि हजारो एकर जमीन हातात आली. हॉटेलला डनरेवन यांचंच नाव द्यायचा स्टॅन्लींचा विचार होता. पण गावानं ते मानलं नाही. ज्यानं बनावट अर्जदार उभे करून खोरं बळकावायचा घाट घातला, त्याचं नाव रोज डोळ्यांसमोर कशाला? शंभराहून जास्त रहिवाशांनी हरणाच्या कातड्यावर विनंतीपत्र लिहून सह्या केल्या, की हॉटेलला स्टॅन्ली यांचंच नाव द्यावं. ते त्यांनी मान्य केलं.

इमारतीचा आराखडा कोणी केला? ती आसपासच्या लाकडी बंगल्यांसारखी का नाही?

आराखड्यात स्वतः स्टॅन्लींचा मोठा हात होता. सोबत डेन्व्हरचे वास्तुकार टी. रॉबर्ट वीगर. काम 1907 मध्ये सुरू झालं. (त्याच वर्षी आपल्याकडे आदमजी पीरभॉय घराण्याच्या खटपटीतून नेरळहून माथेरानची छोटी गाडी सुरू झाली. एका श्रीमंत माणसाच्या हट्टामुळे डोंगरावरचं ठिकाण सगळ्यांना खुलं व्हावं, हे दोन्हीकडे घडलं याची मला गंमत वाटते.)

रॉकी पर्वतातल्या इतर विश्रामगृहांची शैली म्हणजे ओंडके, दगड, शिकारीची शिंगं. स्टॅन्लींनी त्याकडे पाठ फिरवली आणि पूर्व किनाऱ्यावरच्या जुन्या वसाहतकाळातल्या घरांची, म्हणजे जॉर्जियन धाटणीची, सममित इमारत उभी केली. पाया दगडी, वर पोलादी सांगाडा आणि आडव्या फळ्यांच्या भिंती. छताच्या मध्यावर अष्टकोनी मनोरा. दक्षिणेकडे लांबलचक व्हरांडा. या व्हरांड्याचे खांब जवळ जाऊन बघा: ते जोडीजोडीनं उभे आहेत, आणि त्यांच्यामधून समोर लाँग्ज पीकचा सपाट माथा दिसतो. इमारतीच्या मागे लम्पी रिज नावाची गोलगोल शिळांची रांग आहे. समोरचं तळं मात्र स्टॅन्लींच्या काळी नव्हतं. ते 1940 च्या दशकाच्या शेवटी धरण बांधल्यावर झालं.

रंगाबद्दलही सांगायला हवं. आज पांढऱ्या भिंती आणि तांबडं छप्पर हीच हॉटेलची ओळख झाली आहे. मूळ इमारत पिवळसर गेरूच्या रंगाची होती, फक्त कडा पांढऱ्या होत्या. पांढरा रंग नंतरचा.

आत काय पाहण्यासारखं आहे?

मुख्य दालनातून वर जाणारा रुंद जिना आणि त्याच्या वळणावरची मोठी कमानदार खिडकी. तळमजल्यावर संगीतदालन, फिकट रंगाचं आणि उजेडानं भरलेलं. ते बायकांच्या बैठकीसाठी योजलेलं. बिलियर्ड्सचं दालन गडद लाकडाचं, ते पुरुषांचं. घरातल्या माजघर आणि ओटीइतकीच पक्की विभागणी त्या काळच्या अमेरिकेतही होती, हे दोन खोल्यांच्या नुसत्या रंगावरून कळतं. दालनात वाफेची एक जुनी स्टॅन्ली गाडीही ठेवलेली असते. ती आवर्जून बघा.

रेल्वे नव्हती, मग पाहुणे वर यायचे कसे?

एस्टेस पार्कला रेल्वे कधीच आली नाही. लायन्स किंवा लव्हलँडपर्यंत आगगाडी, आणि तिथून वर घोड्यांच्या गाड्या. स्टॅन्लींनी लायन्सकडून येणारा रस्ता सुधारला आणि पाहुण्यांसाठी वाफेच्या खास मोठ्या गाड्या तयार करवून घेतल्या. उघड्या, रांगेत बाकं असलेल्या, बारा-एक माणसं बसतील अशा. त्यांना माउंटन वॅगन म्हणत.

वाफच का, पेट्रोल का नाही, असं मुलं हमखास विचारतात. वाफेच्या इंजिनाला गिअर लागत नाहीत. बॉयलरमध्ये दाब तयार असला, की चाक थांबलेलं असतानाही पूर्ण ताकद मिळते, त्यामुळे चढावर ही गाडी दमत नसे. त्या काळच्या पेट्रोल गाड्यांचं तसं नव्हतं. बॉयलर फुटायची भीती लोकांना असे. स्टॅन्लींनी बॉयलरच्या पिंपाभोवती पियानोची पोलादी तार घट्ट गुंडाळून तो मजबूत केला होता. अडचण होती पाण्याची. वाफ हवेत निघून जाई, त्यामुळे वाटेत ठिकठिकाणी पाणी भरून घ्यावं लागे. पुढे पेट्रोल गाड्यांना बटण दाबून सुरू होणारं इंजिन मिळालं, त्या स्वस्तही झाल्या आणि 1920 च्या दशकात स्टॅन्ली गाड्या बंद पडल्या. फ्रान्सिस एडगर त्याआधीच, 1918 मध्ये, मोटार अपघातात गेले होते.

1909 मध्ये डोंगरात वीज कुठून आली?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न.

स्टॅन्लींनी ठरवलं होतं, की हॉटेल विजेवर चालेल. दिवेच नाहीत तर स्वयंपाकघरसुद्धा. खोल्यांत टेलिफोन, वाहतं पाणी, विजेचे दिवे. त्या वेळी जवळच्या गावात वीज नव्हतीच. म्हणून त्यांनी फॉल रिव्हर या डोंगरी नदीचं पाणी वर अडवलं, पाइपातून खाली आणलं आणि पाण्याच्या जोरावर चालणारं छोटं वीजघर 1909 मध्ये उभं केलं. पाणी उंचावरून पडतं, चक्राच्या पंख्यांवर आदळतं, चक्राला जोडलेलं जनित्र फिरतं. कोयनेला जे प्रचंड प्रमाणावर चालतं तेच इथे ओढ्याएवढ्या नदीवर.

हीच वीज हॉटेलपुरती न ठेवता गावालाही दिली गेली. एस्टेस पार्कमध्ये पहिला विजेचा दिवा लागला तो या हॉटेलमुळे. पण पाणी म्हटलं की ऋतू आला. थंडीत नदी गोठायची, प्रवाह आटायचा. उन्हाळ्यात मागणी वाढली की ताण पडायचा. पुढे आणखी एक जनित्र बसवलं गेलं आणि कालांतरानं गावानं ही वीजव्यवस्था स्वतःकडे घेतली.

वीजघर चाललं 1982 पर्यंत. त्या वर्षी 15 जुलैच्या पहाटे वर नॅशनल पार्कमधलं लॉन लेकचं मातीचं जुनं धरण फुटलं. पाण्याचा लोंढा दगडगोटे आणि झाडं घेऊन खोऱ्यात आला, तीन माणसं गेली, गावाच्या मुख्य रस्त्यावर चिखल साचला आणि वीजघर निकामी झालं. आज तिथे छोटं संग्रहालय आहे आणि जुनी यंत्रं बघता येतात.

1911 चा स्फोट खरंच झाला होता का?

झाला होता. 25 जून 1911 रोजी. विजेचा भरवसा नसल्यामुळे हॉटेलमध्ये पर्यायी गॅसचे दिवेही बसवले होते. हा गॅस म्हणजे ॲसिटिलीन. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलं की तो तयार होतो. कार्बाइड आपल्या लोकांना आंबे पिकवण्याच्या भानगडीमुळे ठाऊक आहे. जुन्या पिढीनं जत्रेत, हातगाडीवर कार्बाइडचे दिवेही पाहिले असतील. गॅस हवेत ठरावीक प्रमाणात मिसळला, की एक ठिणगी पुरते.

कुठेतरी गळती होऊन गॅस साठला होता आणि दिवा लावताना भडका उडाला. पश्चिमेकडच्या भागाचं मोठं नुकसान झालं. त्यात जखमी झालेली हॉटेलची कर्मचारी म्हणून एलिझाबेथ विल्सन हे नाव सांगितलं जातं, आणि खोली 217. ती खालच्या जेवणाच्या दालनात कोसळली, पाय मोडले, पण वाचली, असं वर्णन आहे. गंमत अशी, की त्या आठवड्यातल्या वर्तमानपत्रांनी जखमी बाईचं नाव वेगवेगळं छापलं होतं. या स्फोटात कोणी दगावलं नाही. भुताच्या गोष्टी ऐकताना हे लक्षात असू द्या.

पाहुणे कोण असायचे? हिवाळ्यात हॉटेल चालायचं का?

पूर्वेकडची आणि डेन्व्हरची सधन कुटुंबं. ती दोन रात्रींसाठी येत नसत. मोठमोठ्या पेट्या घेऊन येत आणि कित्येक आठवडे, कधी अख्खा मोसम, मुक्काम ठोकत. चौथ्या मजल्यावर नोकरचाकर आणि मुलं सांभाळणाऱ्या बायका राहत.

मुख्य इमारत फक्त उन्हाळ्यात उघडी असे. तिच्यात खोल्या गरम ठेवायची सोयच नव्हती! शेजारी 1910 मध्ये बांधलेल्या छोट्या इमारतीत ती होती, पण मोठं हॉटेल दर शरदात बंद होई. मुख्य इमारत बारमाही झाली ती 1980 च्या दशकात. पुढच्या एका प्रश्नाचं उत्तर याच गोष्टीत दडलेलं आहे.

हॉटेलच्या हिरवळीवर हरणं बसलेली असतात, ती पाळलेली आहेत का?

ती हरणं म्हणजे एल्क. आपल्या सांबरापेक्षाही मोठी, आणि पूर्णपणे जंगली. इथली मूळची एल्क एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकारीनं जवळपास संपली होती. 1913-14 मध्ये यलोस्टोनहून काही एल्क आणून पुन्हा सोडली गेली आणि त्या कामात स्टॅन्लींचा पुढाकार होता. आजच्या कळपांची सुरुवात तिथून आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नरांचा माज असतो, शिट्टीसारखी लांब आरोळी गावभर ऐकू येते. त्या दिवसांत फोटोसाठी जवळ जाऊ नका. मुलांना तर अजिबात जाऊ देऊ नका.

नॅशनल पार्क स्थापन व्हावं म्हणून झटणाऱ्यांत एनॉस मिल्स यांचं नाव सगळ्यात मोठं. स्टॅन्लींचा त्यांना पाठिंबा होता. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी 26 जानेवारी 1915 रोजी कायद्यावर सही केली.

स्टॅन्लींना यातून फायदा झाला का?

झाला नाही, आणि त्यांना त्याची फारशी फिकीरही नसावी. 1926 मध्ये त्यांनी हॉटेल एका कंपनीला विकलं. कंपनी बुडाली. 1929 मध्ये त्यांनी ते पुन्हा विकत घेतलं आणि 1930 मध्ये रो एमरी यांना विकलं. एमरी हे पर्वतात पर्यटकांच्या मोटारींचा धंदा करणारे मोठे प्रस्थ. फ्लोरा 1939 मध्ये गेल्या, फ्रीलन त्यानंतर वर्षभरानं. गावाला मैदानासाठी जमीनही त्यांनी देऊन ठेवली होती. घोड्यांचे खेळ, जत्रा आजही तिथेच भरतात.

मग 1970 च्या दशकात ते पडीक का झालं होतं?

मालक बदलत गेले आणि प्रवासाची रीतच पालटली. दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी मोटार आली. माणसं एक रात्र रस्त्याकडेच्या स्वस्त मोटेलमध्ये काढून पुढे जाऊ लागली. महिनाभर एका जागी राहणारा पाहुणा उरला नाही. लाकडी फळ्यांच्या इमारतीला दर काही वर्षांनी रंग, छप्पर, नळ सगळं बघावं लागतं आणि वर्षातले सात-आठ महिने ती बंद. उत्पन्न कुठून यायचं? 1977 च्या मे महिन्यात ती राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या नोंदवहीत गेली. नोंद झाली म्हणजे पैसा येतो असं नसतं, पण इमारत पाडण्याची भाषा तरी थांबते.

स्टीफन किंगचा संबंध काय?

1974 मध्ये भयकथा लिहिणारे अमेरिकन कादंबरीकार किंग बोल्डरला राहत होते. मोसम संपून हॉटेल बंद व्हायच्या बेतात असताना ते आणि त्यांची पत्नी तिथे एका रात्रीसाठी आले. जवळपास दुसरं कोणी नव्हतं. मोकळे लांब बोळ, रिकामं जेवणघर आणि मुक्कामाला खोली 217. त्या रात्री त्यांना आपला लहान मुलगा बोळातून जिवाच्या आकांतानं पळतोय असं स्वप्न पडलं आणि त्यातून 'द शायनिंग' ही कादंबरी जन्मली. ती 1977 मध्ये प्रसिद्ध झाली.

आता मागचं आठवा. मुख्य इमारतीत ऊब नव्हती म्हणून ती हिवाळ्यात बंद व्हायची. बंद व्हायची म्हणून त्या रात्री ओस होती. ओस होती म्हणून लेखकाच्या मनात ती गोष्ट शिरली. हॉटेल बारमाही असतं, बोळात पोरांचा दंगा असता, तर बहुधा काहीच घडलं नसतं.

सिनेमा इथेच चित्रित झाला ना?

नाही. 'द शायनिंग'वरच्या दिग्दर्शक कुब्रिक यांच्या 1980 च्या चित्रपटात बाहेरून दिसणारं हॉटेल ओरेगन राज्यातलं टिंबरलाइन लॉज आहे आणि आतलं बरंचसं इंग्लंडमधल्या स्टुडिओत उभारलेलं. 217 चा आकडा बदलून 237 केला तो टिंबरलाइनच्या विनंतीवरून. त्या खोलीत पुढे कोणी राहणार नाही अशी त्यांना भीती होती. किंग यांना तो चित्रपट पसंत पडला नाही. 1997 मध्ये त्यांच्या पटकथेवर दूरचित्रवाणीसाठी तीन भागांची मालिका झाली आणि तिचं चित्रीकरण मात्र खुद्द स्टॅन्ली हॉटेलमध्ये झालं. 'डम्ब अँड डम्बर' या 1994 च्या विनोदी चित्रपटातही हे हॉटेल दिसतं.

खरं सांगा, भुतं आहेत का?

माझं उत्तर स्पष्ट आहे: नाहीत. चौथ्या मजल्यावर लॉर्ड डनरेवन यांचं भूत फिरतं असं रंगवून सांगतात. डनरेवन हे हॉटेल बांधून होण्याच्या कितीतरी वर्षं आधी कोलोरॅडो कायमचं सोडून गेले होते आणि 1926 मध्ये वारले. ज्या माणसानं या इमारतीचा उंबरठासुद्धा ओलांडला नाही, त्याचं भूत इथे कशाला येईल? 217 मधल्या स्फोटात कोणी मेलं नाही, हे वर आलंच आहे.

तरीही रात्रीच्या भुतांच्या फेऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. 1995 मध्ये आलेल्या मालकांनी डागडुजी करून इमारत उभी ठेवली, त्याचा बराच पैसा याच कथांमुळे आलेल्या पाहुण्यांच्या खिशातून आला. किंगच्या कादंबरीशिवाय हे हॉटेल कदाचित वाचलंच नसतं. माझं म्हणणं इतकंच, की दिवसा दिली जाणारी इतिहासाची फेरी निवडा, आणि वाटाड्याला वीजघराबद्दल विचारा. त्याचाही चेहरा खुलतो.

सध्या मालक कोण?

तीस वर्षं त्याच खासगी मालकाकडे राहिल्यानंतर 2025 मध्ये हॉटेल एका सार्वजनिक-खासगी भागीदारीकडे गेलं. कला आणि शिक्षणाचं केंद्र म्हणून ते वाढवायचं, चित्रपटांशी निगडित प्रदर्शनासाठी जागा करायची असा बेत आहे. हॉटेल म्हणून ते चालूच आहे.

तिथे राहिलंच पाहिजे का? आई-बाबांना नेता येईल का?

राहायची गरज नाही. मोसमात भाडं चढं असतं आणि जुन्या खोल्या लहान आहेत. आवारात यायला, व्हरांड्यात बसायला, कॉफी घ्यायला दिवसाही जाता येतं. पार्किंगचे पैसे पडतात. फेरीचं तिकीट आधी काढून ठेवा, शनिवार-रविवारी ऐन वेळी मिळत नाही.

भारतातून नुकत्याच आलेल्या ज्येष्ठांना साडेसात हजार फुटांवर दम लागू शकतो. आधी दोन-तीन दिवस डेन्व्हरला काढा, पाणी भरपूर द्या, रक्तदाबाच्या गोळ्या बरोबर ठेवा. पुढे नॅशनल पार्कमधल्या ट्रेल रिज रोडवर जाणार असाल, तर तो बारा हजार फुटांच्याही वर जातो. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच. उन्हाळ्यात पार्कच्या प्रवेशासाठी वेळ आगाऊ राखून ठेवावी लागू शकते, निघण्यापूर्वी पार्कच्या संकेतस्थळावर बघा. दुपारनंतर वळीव ठरलेला, म्हणून वरचं सगळं सकाळी उरका आणि हॉटेल दुपारी ठेवा.

हॉटेल बघून झालं. या इतिहासातलं गावात आणखी काय उरलंय?

फॉल रिव्हरच्या रस्त्यावरचं वीजघराचं संग्रहालय, उन्हाळ्यात उघडं असतं. स्टॅन्लींनी 1904 मध्ये बांधलेलं राहतं घर, ते आगाऊ नोंदणी करून दाखवतात. घर आणि हॉटेल यांची ठेवण एकाच वळणाची आहे हे तिथे चटकन लक्षात येतं. गावाचं स्वतःचं इतिहास संग्रहालयही छान आहे. वेळ कमीच असेल, तर तिन्हींतून वीजघर निवडा.